बहीजाबाईंनी माझे दिवे वाचले

आठ तोंडांची, वहीएवढी, चपटी पत्र्याची पेटी म्हणजे मी. मित्रांनो, मला स्विच म्हणतात, पण दिवा लावायचा तो स्विच मी नव्हे. मी संगणकांना एकमेकांशी जोडणारा स्विच आहे. माझ्या आठ तोंडांपैकी आता पाचच चालतात आणि अंगावरचा राखाडी रंग जागोजागी उडाला आहे. तरी माझी कसलीच तक्रार नाही. मला आभार मानायचे आहेत, म्हणून ही हकीकत सांगतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. माझा शेवटचा स्क्रू एका बाईने पिळला आणि बाहीने माझे कपाळ पुसून मला खोक्यात ठेवले. जहाजातून मी इजिप्तमधल्या पोर्ट सईदला उतरलो आणि तिथून नाईलच्या मुखाशी असलेल्या दुम्यात शहरात, सुतारांच्या एका गल्लीत आलो. तिथे दिवसभर करवती चालत. खुर्च्यांचे कोरीव पाय उन्हात वाळत पडलेले असत आणि व्हार्निशचा वास थेट गच्चीपर्यंत येई.

मला आणले ते शौकीने. त्याचे रेडिओ-दूरदर्शन दुरुस्तीचे दुकान होते. तेव्हा त्या गल्लीत इंटरनेटची जोडणी एकट्या त्याच्याच घरी होती. शेजाऱ्यांनी गळ घातली आणि त्याने गच्चीवरून सहा घरांत वायरी सोडल्या. त्या सगळ्या माझ्यात येऊन मिळाल्या. एका लाकडी खोक्यात, कबुतरखान्याच्या सावलीला, मी कामाला लागलो.

माझे काम सांगतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक नंबर असतो. पत्र असो की चित्र, त्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोणाकडून आला आणि कोणाकडे जायचा हे लिहिलेले असते. कोणता नंबर माझ्या कोणत्या तोंडामागे आहे, हे मी लक्षात ठेवतो. माहीत नसेल, तर तुकडा जिथून आला ते तोंड सोडून बाकी सगळ्यांकडे विचारणा करतो. उत्तर आले की पुढच्या वेळी विचारावे लागत नाही. गल्लीबाहेर जायचे असेल, तर पहिल्या तोंडातून शौकीच्या घरातल्या राउटरकडे पाठवतो. तो बाहेरचा दरवाजा. तुकडा जाताना त्या त्या तोंडाजवळचा माझा हिरवा दिवा लुकलुकतो.

चौथ्या तोंडामागे बहीजाबाई राहत. त्या सोफ्यांच्या गाद्या शिवत. लहानपणी तापाने त्यांचे कान गेले, शाळा कधी दिसलीच नाही. लिहिणे-वाचणे येत नव्हते, आणि त्यांची हातांची भाषा मुलगी सुहैर सोडून कोणालाच नीट कळत नसे. मायलेकींनी मिळून घरातच केलेली भाषा ती. सुहैर लग्न होऊन सुएझला गेली. जाताना तिने आईला जुना संगणक आणि कॅमेरा बसवून दिला. रोज दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर, दोघी तासभर हातांनी बोलत. मला चित्र दिसत नाही, माझ्याकडून नुसते तुकडे जातात. पण त्या तासाला माझा चौथा दिवा इतका लगबगीने चाले की मलाच हुरूप येई. बहीजाबाईंनी आपल्या वायरीला लाल दोरा बांधला होता. आठवड्यातून एकदा गच्चीवर येऊन त्या माझ्यावरचा भुसा फडक्याने झटकत. एवढी काळजी दुसऱ्या कोणी घेतली नाही.

मग एक भाडेकरू घर सोडून गेला. त्याची वायर एका बाजूने माझ्या सहाव्या तोंडात तशीच राहिली. दुसरे टोक शौकीने वर ओढून घेतले आणि वेटोळे करून माझ्याशेजारी टाकले. दोन दिवसांनी उस्ता बसयूनी कबुतरांना दाणे घालायला आले. उस्ता म्हणजे मुरलेला कारागीर; नक्षीकाम करणारे टापटिपीचे म्हातारे ते. त्यांना ते लोंबणारे टोक दिसले आणि माझे रिकामे आठवे तोंडही दिसले. त्यांनी टोक आत बसवले, समाधानाने मान हलवली आणि खाली गेले.

मित्रांनो, एकाच वायरीची दोन्ही टोके आता माझ्यातच होती. सगळ्यांसाठीची विचारणा मी सहाव्यातून पाठवली की ती आठव्यातून नव्यासारखी परत येई. मी ती पुन्हा सगळ्यांना विचारी. पुन्हा तेच. थोड्याच वेळात माझ्यात एवढा गलका माजला की कामाच्या तुकड्याला वाटच उरली नाही. सारी गल्ली बंद पडली.

शौकीने मला दोनदा बंद करून चालू केले. क्षणभर बरे वाटे, मग पुन्हा तेच. खालून लोक ओरडू लागले.

"काय बाशमुहंदिस, दुकानातल्या रेडिओंसारखी गत केलीस का आमची?" शौकीला 'बडे इंजिनीयर' म्हणत एकाने टोमणा मारला.

"मी सांगतो काय झालंय ते," दुसरा म्हणाला. "ती बहिरी रोज तासभर कॅमेऱ्यापुढे हात नाचवते. सगळ्यांच्या वाटणीचं एकटी खाते."

शौकीलाही ते पटले. त्याने लाल दोऱ्याची वायर उपटून बाजूला टाकली. माझ्यातला गलका तरीही थांबला नाही, पण ती वायर त्याने पुन्हा लावली नाही. मला ओरडता येत नाही याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

सुहैरचे दिवस भरत आले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या नवऱ्याने शौकीच्या बायकोला, अवातिफला फोन केला. मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. अवातिफ धावतच बहीजाबाईंकडे गेली आणि हात झुलवून बाळ दाखवले. बहीजाबाईंनी हनुवटीवर बोट टेकवून काही विचारले. ती सुहैरच्या नावाची खूण होती, पण अवातिफला ते कुठे ठाऊक? तिने हसून मान डोलावली. बहीजाबाईंनी तळहात आडवा केला, डोळे मिटले आणि पुन्हा तिच्याकडे पाहिले. अवातिफने पुन्हा मान डोलावली. बहीजाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. अवातिफ घाबरली आणि त्यांचा हात धरून त्यांना गच्चीवर घेऊन आली.

"अहो, काहीतरी करा," ती शौकीला म्हणाली. "लेक गेली असं वाटलंय त्यांना. मला उलटं सांगता येईना."

बहीजाबाईंनी आपली उपटलेली वायर पाहिली. त्या कोणावर चिडल्या नाहीत. माझ्यासमोर गुडघे मोडून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

शौकीने कठड्यावरून हाक दिली, "सगळ्यांनी संगणक बंद करा! एकही चालू नको!" राउटरची वायर त्याने स्वतः काढली. माझे दिवे एकेक करून विझत गेले. शौकी कान देऊन खालून येणारे होकार मोजत होता. बहीजाबाईंना होकार ऐकू येत नव्हते. त्या दिवे बघत होत्या. सगळी घरे बंद झाली, तरी माझे दोन दिवे वेड्यासारखे नाचत होते. सहावा आणि आठवा.

त्यांनी शौकीची बाही ओढली.

"थांबा हो, उम्म सुहैर, आत्ता नको," तो म्हणाला. सुहैरची आई म्हणून गल्ली त्यांना याच नावाने हाक मारी.

तेव्हा त्या उठल्या, त्याची हनुवटी धरली आणि त्याचे तोंड माझ्याकडे वळवले. मग सहाव्या तोंडातली वायर दोन बोटांत धरून तिच्यावरून हात फिरवत गेल्या, वेटोळ्याच्या प्रत्येक फेऱ्यातून, कबुतरांच्या विष्ठेतून, आणि थेट आठव्या तोंडापाशी येऊन थांबल्या.

शौकी बघतच राहिला. "ही कोणी लावली?"

"मी," उस्ता बसयूनी कबुतरखान्यामागून म्हणाले. "लोंबत होती बिचारी. मला वाटलं, निसटली असेल."

बहीजाबाईंनीच ते टोक उपटले. त्या शांततेचे वर्णन मला करता येणार नाही. शौकीने राउटरची वायर बसवली आणि लगेच लाल दोऱ्याची वायर उचलून, विजारीला पुसून, चौथ्या तोंडात बसवली. "चूक माझी होती, उम्म सुहैर," तो म्हणाला. त्यांना ते ऐकू जाणार नाही हे लक्षात आल्यावर त्याने हात छातीवर ठेवून मान खाली घातली.

खाली काय घडले ते अवातिफने संध्याकाळी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढताना शौकीला सांगितले. पडद्यावर सुहैर दिसताच बहीजाबाईंनी आधी, तान्ह्या बाळाची बोटे मोजून घ्यावीत तसे, तिला दोन्ही हात, तोंड, सगळे दाखवायला लावले. मग बाळ पाहिले. कागदावरचे नाव आजीच्या काय कामाचे? म्हणून सुहैरने आईकडेच हातांचे नाव मागितले. बाळाच्या भुवया जुळलेल्या होत्या. आजीने एक बोट एका भुवईवरून दुसऱ्या भुवईवर फिरवले. झाले बारसे. आठवडाभरात गल्लीतला जो तो बहीजाबाई दिसल्या की भुवयांवरून बोट फिरवून नातीची खुशाली विचारू लागला.

त्यानंतर काही बिघडले की शौकी म्हणे, "आधी उम्म सुहैरना वर बोलवा." मी आणखी सहा वर्षे राबलो. पुढे घरोघरी स्वतंत्र जोडणी आली आणि मला खाली उतरवले. काही काळ मी दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. आता शौकी माझ्या पाच तोंडांवर दुरुस्त केलेली यंत्रे तपासून पाहतो, म्हणजे अजूनही मी उपयोगाचा आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात लुकलुकत असेल. त्याच्यावरची धूळ झटका, त्याला वारा मिळू द्या. आणि जोडणी बिघडली, तर कोणाची वायर उपटण्याआधी एकदा खाली बसा आणि हाताने तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत जा. माझ्यासाठी एका बाईने तेवढे केले. तिचा मी ऋणी आहे.