थोरलीचा पक्ष

“गादी धाकट्याचीच! थोरली गेली उडत!” ड्रायव्हरमामा ओरडले, सुया टोचलेला हात हलला आणि डायलिसिसचं मशीन किंचाळलं.

“राज्य नंतर वाटा, मामा. आधी हात सांभाळा,” म्हणत सिस्टर धावली.

“धाकट्याला स्वतःचा घोडा आवरत नाही, राज्य काय आवरणार?” पलीकडून शिंपीकाका. “बाई, चाळीस पानं मागे जा. थोरलीनं पुलावर काय केलं ते नीट वाचा, मग बोला.”

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. नाक मुरडत त्या मागे गेल्या.

नऊशे पानांची कादंबरी. राणी मेलेली, थोरली लेक आणि धाकटा लेक असे दोन वारस, एक सिंहासन, पंखांचे घोडे. शहाणी माणसं हिला पोरकट म्हणतात. म्हणोत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास हातात सुया टोचून घ्या, मग शहाणपण शिकवा! एका हाताला एवढं धूड पेलवत नाही म्हणून सिस्टरनं ब्लेडनं त्याचे तीन भाग केले. प्रत्येक भाग आधी बाई वाचणार, मग मामा, शेवटी काका.

पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, “हे पुस्तक संपलं की मी यायची बंद. पुरे झालं.” सिस्टरनं डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “नकाराच्या फॉर्मवर सही घ्या.” सही! माणूस जगणं सोडतंय आणि यांना सही हवी.

काकांच्या सुया काढताना सिस्टर थबकली. त्यांच्या मांडीवर तर पहिला भाग होता.

“काका, पूल दुसऱ्या भागात आहे. तुम्हाला कसा ठाऊक?”

“हळू बोल, पोरी. तीनदा वाचलंय.”

“मग शेवटी थोरली...”

“मरते.”

“आणि तुम्ही दोन महिने तिच्या बाजूनं भांडताय?”

“बाईंना मागे मागे पाठवायला आणखी काय करू? मला शिलाई येते, भाषण येत नाही.”

सिस्टर कापूस दाबून तशीच उभी राहिली. एवढा मोठा माणूस आपण दर वेळी नुसता वजनकाट्यावर चढवत होतो!

पण पानं काही वाढत नाहीत. तिसरा भाग बाईंनी घरी नेला. पुढच्या पाळीला त्यांची खुर्ची रिकामी. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काका दाराकडे बघत नव्हते, मुद्दाम.

चाळीसाव्या मिनिटाला दार आपटलं.

“मारली तिला!” बाई दारातूनच कडाडल्या. “तुम्ही म्हणालात, जिंकेल!”

“म्हणालो खरं,” काका पुटपुटले. “चुकलंच.”

“तुमचं नाही, त्या लेखकाचं चुकलंय! पत्र लिहायला घेतलंय, अकरा पानं झालीत. मामा, दुसरा भाग द्या, पुलाचा पुरावा हवाय.”

“अहो, मारली? मी अजून वाचायचोय!” मामा कळवळले.

“मग पटपट वाचा. पत्रावर तुमचीही सही लागणार आहे.” बाईंनी बाही वर सारून हात पुढे केला. “बघतेस काय? टोच.”

सिस्टरनं सुई टोचली आणि मशीनवर पुरे चार तास लावले.