लाल दुधाचा भगोना

मित्रांनो, आधी माझ्या तळाकडे बघा. आतल्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग दिसतो ना? या डागाच्या आधीच मला मोडीत काढायचं ठरलं होतं, आणि हा पडल्यामुळे मी वाचलो. ऐकून नवल वाटलं असेल. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी उज्जैनचा एक जुना भगोना आहे. सांगली-पुण्याकडे मला पातेलं म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसंसुद्धा भगोनाच म्हणतात, आणि मला तेच नाव आवडतं. जुन्या शहरात कसेऱ्यांच्या गल्लीत मला ठोकून ठोकून घडवलं. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. खाल्लेला मार कुणाला सांगावासा वाटतो? पण बूड जाड झालं आणि अंग पिवळंधमक झालं. मग आतून कल्हईचा पांढरा हात फिरला. पितळेत दूध तसंच ठेवलं तर ते कळकतं, म्हणून आमच्या पोटाला कथलाचं हे अस्तर लागतं.

कुसुम नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या मामाने मला आहेर म्हणून दिलं. माझ्या काठाशी तिचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलं. कोरणाऱ्या दादाने 'कुसुम'चं 'कुसम' केलं. तिचे यजमान भय्यासाहेब शाळेत मराठी शिकवायचे. ते आयुष्यभर म्हणत राहिले, माझ्या बायकोचा एक उकार कसेऱ्याकडे राहिलाय, कधीतरी जाऊन आणला पाहिजे. तो काही त्यांनी आणला नाही. घरच्या लोकांसाठी कुसुमची पुढे अक्का झाली, तेव्हापासून मीही तिला अक्काच म्हणतो.

आता माझ्या खऱ्या कामाकडे येतो. भय्यासाहेबांना साधं दूध मुळीच जात नसे. अक्काने त्यावर एक तोड काढली. ती माझ्यात वाटीभर साखर टाकायची, पाण्याचा थेंब नाही, आणि मंद आंचेवर ठेवायची. साखर आधी कडेने ओली दिसते, मग पातळ होते, मग तिला रंग चढतो. चमचा घालायचा नाही, नुसतं मला सांडशीने धरून गोल फिरवायचं. मधासारखा लाल रंग आला की दुसऱ्या भांड्यातलं ऊन दूध त्यात ओतायचं, तेही ताबडतोब. दूध फसफसून वर येतं आणि साखरेचा दगड होतो. नवखी बाई इथे घाबरते. घाबरायचं नाही. मंद आंचेवर दगड आपोआप विरघळतो. मग चिमूटभर मीठ, चमचाभर साय, आणि पळीवाढं होईपर्यंत ढवळत राहायचं. घरात याला लाल दूध म्हणत. शिऱ्यावर घ्या, पावाच्या तुकड्यावर घ्या, नाहीतर नुसतं बोटाने चाटा. मुलगा तुषार पास झाला की लाल दूध, त्याचा ताप उतरला की लाल दूध. शेजारणी वाट्या घेऊन यायच्या आणि अक्काच्या हाताची तारीफ करायच्या. माझी कुणी करत नसे. पण अक्का मला चिंचेने घासताना म्हणायची, माझा भगोना आहे म्हणून जमतं. तेवढं मला पुरत होतं.

दिवस भराभर गेले. भय्यासाहेब गेले. तुषार बँकेत लागला आणि आम्ही नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत राहायला आलो. घरात फ्रिज आला, टीव्हीवर दोनाची वीस चॅनलं झाली. पंचाण्णव सालची गोष्ट. एका दुपारी टीव्हीवरच्या बाईने काचेच्या बाटलीतला कॅरमल सॉस आइस्क्रीमवर ओतून दाखवला. अक्का म्हणाली, अगंबाई, हे तर आपलं लाल दूध! त्या दिवशी मी मांडणीवर जरा जास्तच चमकलो असेन.

आणि त्याच वर्षी ते जळायला लागलं.

संक्रांतीला जळलं. फाल्गुनात तुषारचं लग्न झालं, नव्या सुनेच्या हातावर द्यायचं म्हणून केलं, तेव्हाही जळलं. अक्का म्हणाली, भगोना जुना झाला, बूड गेलं याचं, लागतो मेला. मित्रांनो, माझं बूड काही गेलं नव्हतं. मला ठाऊक होतं काय झालंय ते. अक्काला दिसत नव्हतं.

पूर्वी ती मला बघून उचलायची. आता आधी बोटांनी काठ चाचपायची, 'कुसम'चे ठिपके लागले की मग धरायची. साखरेच्या डब्यात बोट बुडवून जिभेला लावायची, मीठ तर नाही ना म्हणून. साखरेचा रंग तिला दिसत नव्हता, पण तो ती वासावरून बरोबर ओळखायची. घोटाळा पुढे व्हायचा. दुधाचं भांडं कुठे ठेवलंय ते सापडायचं नाही. ती ओट्यावर हात फिरवत राहायची आणि तेवढ्यात माझ्यातली साखर काळी पडायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि मी सांगणार कसा? बोल मात्र मलाच लागला. चाळीस वर्षांच्या चाकरीत मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तुषार आईवर माया करणारा मुलगा. त्याने देवास गेटजवळच्या दुकानातून एक नॉनस्टिक भांडं आणलं. आतून काळं कुळकुळीत, लाकडी चमच्याशिवाय हात लावू देत नाही असं नाजूक. रविवारी जुना भगोना त्याच दुकानात मोडीत देऊन टाकू, असं तो म्हणाला. अक्का 'बरं' म्हणाली. फक्त बरं.

पण शनिवारी सुनेचे आईवडील सांगलीहून पहिल्यांदा येणार होते. सुनेचं नाव शर्वरी. येऊन दोनच महिने झालेले, गुणी पोर, पण आमचं मराठी तिला अजून पचलं नव्हतं. अक्का भाजी 'बनवायची', शर्वरी भाजी 'करायची'. ती मला पातेलं म्हणाली की मी कुणाचं नाव आहे म्हणून इकडेतिकडे बघायचो. विहीणबाईंना आइस्क्रीमवर लाल दूध घालून द्यायचं, असं अक्काच्या मनाने घेतलं. तुषार म्हणाला नव्या भांड्यात कर. अक्का म्हणाली, एकदा शेवटचं याच्यातच करते. शेवटचं हा शब्द मी ऐकला.

या वेळी अक्काने हुशारी केली. ऊन दुधाचं भांडं तिने शर्वरीच्या हातात दिलं आणि तिला शेजारी उभं केलं. मी सांगीन तेव्हा लगेच, असं बजावलं. दुसऱ्या शेगडीवर कुकर फुसफुसत होता. माझ्यात साखर वितळली, लाल व्हायला लागली. अक्काने वास घेतला. बरोबर तीच घडी होती, मी साक्षीदार आहे. ती म्हणाली, "हं, खाली कर."

आता मित्रांनो, उज्जैनात 'खाली कर' म्हणजे रिकामं कर, ओत सगळं. हे आम्ही हिंदीतून कधी उचललं ते आम्हांलाच आठवत नाही. सांगलीच्या मुलीला 'खाली' म्हणजे एकच ठाऊक. तिने दुधाचं भांडं अलगद फरशीवर ठेवलं.

अक्का मला फिरवत राहिली. "पूर्ण खाली कर," ती म्हणाली. शर्वरीने फरशीकडे पाहिलं. याहून खाली कुठे ठेवायचं, हे काही तिला समजेना. नव्या सुनेने विचारायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली. कुकरची वाफ अक्काला दुधाची फसफस वाटली. तिने माझ्यात चिमूटभर मीठ टाकलं, चमचाभर साय टाकली. माझ्यातून काळा धूर निघत होता. माझी कल्हई वितळली, पोटात आग आग झाली. तरी अक्का त्या धुरात ढवळत होती आणि म्हणत होती, "लागला बघ मेला भगोना. दूध असूनही लागला."

शर्वरीने झटकन गॅस बंद केला. दुधाचं भांडं अक्काच्या पायापासून वीतभर अंतरावर होतं, भरलेलं. ती एकदा त्याच्याकडे, एकदा अक्काच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अक्का, दूध अजून फरशीवरच आहे. तुम्हांला दिसलं नाही?"

अक्काने सांडशी सोडली. "मी खाली कर म्हटलं होतं."

"मी खालीच ठेवलं."

मग अक्काला आधी हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. ओट्याला टेकून तिने सगळं सांगितलं. दिवाळीपासून डोळ्यांपुढे धुकं आहे, लाल आणि काळं एकसारखं दिसतं. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फार जुन्या काळी बिघडलं होतं आणि एक डोळा कायमचा गेला होता. ती भीती होतीच. त्याहून मोठी भीती दुसरी होती. ती म्हणाली, तुम्ही मला खुर्चीवर बसवाल आणि शेंगा सोलायला द्याल. माझं स्वयंपाकघर जाईल. तुषारला सांगू नकोस.

शर्वरीने पदराने तिचे डोळे पुसले. मला वाटलं ही आता बरं म्हणेल आणि विषय मिटेल. पण ती पोर पक्की निघाली. म्हणाली, "हे पातेलं मोडीत जाणार नाही आणि तुमचं स्वयंपाकघरही जाणार नाही, ते माझ्याकडे लागलं. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं. नाहीतर आत्ताच ह्यांना बँकेत फोन करते."

अक्काने चाचपून सांडशी उचलली. मग म्हणाली, पातेलं नाही, भगोना म्हण. हाच तिचा होकार.

पाहुणे तासाभरात येणार होते. मी तर पाणी घालून मोरीत भिजत पडलेला, कल्हई गेलेला. तेव्हा साखर त्या नव्या काळ्या भांड्यात चढली. मी तिकडून ऐकत होतो, जळत होतो, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळाने शर्वरीचा काकुळतीचा आवाज आला: काळ्या भांड्यात रंग कळतच नाही, लाल झालीय की नाही ते दिसतच नाही. अक्का म्हणाली, "म्हणजे आता आपण दोघी सारख्याच. सरक, मला वास घेऊ दे." मग अक्काचा आवाज आला, "आता ओत." खाली कर नव्हे. ओत. लगेच मोठी फसफस झाली आणि दोघी एकदम हसल्या.

विहीणबाईंनी दोनदा मागून घेतलं म्हणे. त्या काळ्याचंही मी आता वाईट बोलत नाही. त्या दिवशी त्याने माझ्या घराची लाज राखली.

रविवारी शर्वरीने मला दुकानात जाऊ दिलं नाही, आणि सोमवारी कल्हईवाला गोपाळ आला. त्याने मला उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "अम्मा, सूखा जला दिया क्या?" अक्का म्हणाली, हो, मीच जाळला, मला नीट दिसत नाही. तुषार तिथेच उभा होता. त्याच्यासमोर तिने ते पहिल्यांदा कबूल केलं. त्या संध्याकाळीच दोघं तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. गोपाळने निखाऱ्यांवर मला तापवलं, नवसागर टाकला, कापसाने कथील फिरवलं. सगळा पांढराशुभ्र झालो, पण या एका जागी कल्हई धरेना. हाच तो डाग.

गणपती झाल्यावर अक्काचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ती घरी आली. काही दिवसांनी तो निघाला तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि कुणाचा हात न धरता तिने मला मांडणीवरून उचललं. माझ्या काठावरचं नाव तिने डोळ्यांनी वाचलं आणि म्हणाली, उकार अजून नाहीच. मग आत पाहिलं. डागावरून अंगठा फिरवला. मित्रांनो, भांड्याची कुणी माफी मागत नाही. पण ती मला म्हणाली, "हा डाग तुझा नाही रे. माझा आहे."

अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं रांधत राहिली. आता ती नाही. मी शर्वरीकडे असतो, आणि लाल दूध तिची मुलगी ईरा करते. ती मला भगोनाही म्हणते आणि पातेलंही. मी दोन्हीला ओ देतो.

माझं मागणं फार मोठं नाही. मला कोरडं तापवू नका, आणि वर्षातून एकदा कल्हई करा, म्हणजे मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण माझ्याआधी त्या हातांकडे बघा, जे मला धरतात. घरात एखादी गोष्ट वारंवार जळायला लागली, सांडायला लागली, तर भांड्याला बोल लावायची घाई करू नका. आज घरी गेलात की आजीजवळ बसा आणि सहज विचारा, आजी, माझ्या सदऱ्याचा रंग कुठला गं? तिने उत्तर देण्याआधी हाताने सदरा चाचपला, तर हसू नका. तिचा हात धरा आणि आईला हाक मारा.