लंकाबाईचा पाट

सोपानला मोठ्यानं वाचून दाखवायची भारी हौस. खोडद रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर तो सुपरवायझर होता. वरून कुठलाही कागद आला की जेवणाच्या सुट्टीत बायकांना गोळा करायचा, घसा खाकरायचा आणि खालच्या सहीशिक्क्यापर्यंत सगळं वाचून काढायचा. आठवड्यापूर्वी मात्र त्यानं वाचला तो कागद त्याचा स्वतःचाच होता. पेटी रॅकवर चढवताना लंकाबाई पडली, उजवं मनगट मोडलं, कारण : कामगाराचा निष्काळजीपणा. हा शेवटचा शब्द त्यानं दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा सावकाश. प्लास्टरातला हात गळ्यात बांधून लंकाबाई समोरच बसली होती. अकरा हंगाम त्या टेबलावर काढलेली बाई, तिच्या कातरीनं कधी चांगला मणी दुखावला नाही. वाचून झाल्यावर ती डाव्या हातानं पदर सावरून उठली.

त्या कागदाचा अर्थ सगळ्याजणींना ठाऊक होता. मालक दादाभाऊंची सही तेवढी व्हायची होती. ती झाली की लंकाबाईला पुढच्या हंगामात कुणी बोलावणार नव्हतं, इथंच काय, पार नारायणगावापर्यंत नाही. अशा गोष्टी पॅकहाउसवाले एकमेकांना फोनवर बरोबर कळवतात.

पण माल घेणाऱ्या कंपनीनं मध्येच अपघाताची चौकशी करायला बुशराला पाठवलं. जुन्नरच्या बांगडीवाल्या कासमभाईंची ही मुलगी, कारखान्यातल्या सुरक्षेचं शिकलेली. सोपाननं मनाशी ठरवलं होतं, चहा पाजायचा, कागद दाखवायचा आणि वाटेला लावायचं. पण पोरगी कसली वाटेला लागते! तिनं कागद वाचला, घडी घालून वहीत ठेवला.

"सोपानकाका, निष्काळजीपणा हे कारण नाही झालं," ती म्हणाली. "ती नुसती शिवी झाली. आपण काम बघूया. लंकामावशींनाही बोलवा."

लंकाबाई आली. बुशरानं शेजारच्या टेबलावरच्या कोंडाबाईला तिच्या जागी उभं केलं आणि वहीवर तीन रकाने आखले. काम काय, त्यात चुकू काय शकतं, आणि का. कॅरेट टेबलावर घेणं, खराब मणी कातरणं, पेटी भरणं, काट्यावर ठेवणं, सगळं तिनं एकेक करून लिहिलं. एवढ्याशा कामाचं एवढं काय लिहायचं, असं सोपानला झालं होतं. मग कोंडाबाईनं भरलेली पेटी उचलली आणि वरच्या रॅकवर ठेवायला चवड्यांवर उभी राहिली. हात डोक्याच्या वर ताणलेले, पेटी डुगडुगतेय, खाली फरशी ओली.

"अशाच उभ्या राहा, मावशी!" बुशरा खाली बसली आणि टाच आणि फरशी यांच्यामधली फट बोटांनी मोजली. "चार बोटं. दिवसातून असं किती वेळा?"

"मोजतंय कोण बाई! दीडशे म्हणा, दोनशे म्हणा."

"लंकामावशी, तुम्हीही अकरा वर्षं अशाच टाचा उचलत होतात?"

लंकाबाईनं एकवार सोपानकडं बघितलं आणि मान खाली घातली. "माज्याच हातनं सुटली पोरी पेटी. कुणाचं काय न्हाई त्यात."

"का झाकती गं?" कोंडाबाई उसळली. "तिचा पाट व्हता, मॅडम. घरनं आणलेला, पितळंच्या फुलांचा. त्यावर उभी ऱ्हायची. दिवाळीनंतर ह्या सोपानभाऊंनी काढला. लाकूड चालत न्हाई म्हणं. बंबात घातला आसंल!"

"नियमच आहे तसा," सोपान घाईनं म्हणाला. "मालात कुसळ जातं लाकडाचं."

"बरोबर आहे, लाकूड नकोच," बुशरा म्हणाली. "पण पाट काढला तेव्हा त्याच्या जागी काय दिलं?"

सोपान रॅककडं बघायला लागला.

"काही नाही दिलं," बुशरानंच लिहून घेतलं. आवाजही चढवला नाही. "तो पाट मिळाला असता तर त्याच मापाच्या प्लास्टिकच्या पायऱ्या मागवता आल्या असत्या."

"बघतो," सोपान म्हणाला आणि केबिनकडं निघाला.

बघतो म्हणे! अहो, बघायचं काय होतं त्यात? पाट त्याच्याच टेबलाखाली होता. दादाभाऊंनी त्यांची जुनी खुर्ची सोपानला दिली होती. तिचा दांडा बिघडलेला, ती काही केल्या खाली होईना. पाय लोंबकळायचे, संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून यायच्या. पाट काढला त्याच दिवशी त्यानं तो पायाखाली सरकवला. लाकूड चालत नव्हतं ते फक्त बायकांच्या पायाखाली. तीन महिने त्यावर पाय ठेवून साहेब आरामात बसले होते. निष्काळजीपणाचा तो कागदही त्यानं त्या पाटावर पाय ठेवूनच लिहिला होता. हे आठवलं आणि त्याचे कान तापले.

वाकून त्यानं पाट बाहेर ओढला. एक पितळी फूल गळून पडलेलं, मधोमध चपलांचे मळकट ठसे. त्यानं रुमाल काढून ते खसाखसा पुसले, पण डाग जाईनात. मग मनात आलं, मागच्या दारानं नेऊन अडगळीत टाकावा आणि 'सापडला बरं का' म्हणावं. कोण बघतंय? कडीला हात घातला तेव्हा काचेतून लंकाबाई दिसली. टेबलाखाली सांडलेले मणी ती एका हातानं वेचून बादलीत टाकत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिची हजेरीही लागलेली नव्हती. लाज वाटली त्याला, तो शब्द दोनदा वाचणाऱ्या आपल्या तोंडाचीसुद्धा लाज वाटली.

पाट घेऊन तो पुढच्याच दारानं बाहेर आला. बुशरानं पाटाच्या उंचीला बोटं लावली. बरोबर चार.

"कुठं मिळाला, काका?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं.

"आधी तो कागद द्या माझा," सोपान म्हणाला.

त्यानं 'निष्काळजीपणा' खोडला आणि खाली लिहायला लागला. चार ओळींना किती वेळ गेला! मग नेहमीसारखी हाक मारली, "या गं सगळ्याजणी." घसा खाकरला.

"लंकाबाईचा पाट सुपरवायझरनं काढून घेतला. त्याच्या जागी दुसरं काही दिलं नाही. म्हणून तिला टाचा उचलाव्या लागल्या, म्हणून तोल गेला. पाट..." तो थांबला. "पाट तीन महिने सुपरवायझरच्या पायाखाली होता. चूक लंकाबाईची नाही."

कोंडाबाईनं तरी दोन शिव्या हासडाव्यात असं त्याला फार वाटलं, पण ती पाटाकडंच बघत राहिली. लंकाबाई पुढं आली. पाटावरून तिनं डावा हात फिरवला, फूल गळालेल्या जागी बोट जरा थांबलं. मग केबिनच्या उघड्या दारातून तिनं ती उंच खुर्ची बघितली.

"खुर्ची उंच पडत व्हती व्हय, भाऊ?"

सोपाननं कशीबशी मान हलवली.

"मंग सांगायचं की. मी घरनं दुसरा आणला आसता तुमाला."