पान सुकायच्या आत

वारलू भामरागडकडच्या एका गावात नदीवर डोंगा चालवायचा. त्या मुलखात अंतर मोजायची एक रीत होती. निघताना सागाचं हिरवं पान तोडून पागोट्यात खोचायचं. ते सुकलं की एक टप्पा झाला. अहेरीला पोचेस्तोवर कितीतरी पानं बदलावी लागत.

वारलूचा एकुलता पोरगा इस्तारी लाकडाच्या एका ठेकेदाराचा स्वयंपाकी होऊन रंगूनला गेला होता. उन्हाळ्यात घरी आला, तेव्हा तो परत निघताना त्याच्या आईचे, रुखमाचे डोळे भरून आले. तो हसला.

"माय, काऊन रडून राह्यली? कलकत्ता ते रंगून विमानानं चार घंटे. पान सुकायच्या आत पोचतो मी! बोलावलं का आलोच."

वारलूनं ते पक्कं धरून ठेवलं. डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला तो ते सांगे.

श्रावणात रुखमाला ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. वारलूनं अहेरीला माणूस धाडून इस्तारीला तार करवली. तो माणूस परतला, तेव्हा शेजारचा लटारू दारात आला.

"वारलूभाऊ, पाणी उतरलं हाये. खाटेवर घालून पार नेऊ. अहेरीले डॉक्टर हाये."

"पोरगं येते ना आता. तो आला का मोठ्या दवाखान्यात नेईन. आज तिले खाटेवर हालवलं आन् तो इथी येऊन बसला त मंग?"

"कलकत्त्याहून इथवर का उडत येते तो?"

"तुले विमानातलं का समजते बे?" वारलू खेकसला.

लटारू निघून गेला. रुखमा दाराकडे तोंड करून पडून होती. कोणाचं पाऊल वाजलं की विचारी, "आला का?" वारलू म्हणे, "येतेच."

सांज होताहोता वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदी दोन्ही काठ गिळून बसली. मग वारलूलाही डोंगा पाण्यात घालता येईना. रुखमा त्याच पुरात गेली. गाववाल्यांनी तिला नदीच्या वरच्या टेकाडावर पुरलं.

पूर ओसरल्यावर पलीकडच्या काठावरून हाक आली. पाटलोण चिखलानं भरलेली, जोडे हातात. इस्तारी. आगगाडी, मोटर, बैलगाडी, मग पायी, असं करत तो नदीपाशी पोचला होता आणि तिथंच अडकून पडला होता.

वारलूनं डोंगा नेला, त्याला बसवलं आणि वल्हवू लागला.

"बाबा, माय कशी हाये?"

"विमानात किती वेळ लागला?"

"चार घंटे. पण मायचं..."

 अलीकडे डोंगा लागल्यावर वारलू खाली उतरला. काठच्या सागाचं एक पान तोडून त्यानं पोराच्या डोक्याच्या रुमालात खोचलं.

"चाल," तो टेकाडाकडे वळत म्हणाला. "हे सुकायच्या आत तिच्यापाशी पोचतो आपण."