कनवटीला बसेल अशी

आमच्याकडे रिव्हॉल्व्हर ही दाखवायची वस्तू आहे. गळ्यातली साखळी, दारातली गाडी आणि कमरेची रिव्हॉल्व्हर हळदीच्या मांडवात लोकांच्या नजरेत भरली नाही, तर माणूस आलाच नाही असं धरतात. विमानतळ आल्यापासून उलव्याच्या बाजूला ही हौस फारच वाढली. त्यामुळे माझ्या आईला, मासळी विकणाऱ्या दमयंती कोळणीला, परवाना मिळाला तेव्हा सगळ्या कोळीवाड्याचा एकच प्रश्न होता, कधी दाखवणार?

आईला ती दाखवायची नव्हती. तिला साक्षीच्या दिवसापर्यंत जिवंत राहायचं होतं.

झालं होतं असं, की तळोज्याकडचा एक टँकरवाला कारखान्यांचं विषारी पाणी आमच्या खाडीत ओतत होता. मासे पोट वर करून तरंगायचे आणि गावातली कर्ती माणसं नाकाला रुमाल लावून गप्प बसायची. एका पहाटे आईनं टँकर अडवला आणि पोलीस येईपर्यंत चाकासमोर टोपली टाकून बसून राहिली. खटला उभा राहिला. बाकीचे साक्षीदार एकेक करून फुटले, उरली फक्त आई. मग उरण नाक्याच्या मासळी बाजारात दोन पोरं आली, तिचाच कोयता उचलून तिच्या गळ्याला लावला आणि कोर्टाची पायरी चढायची नाही असं सांगून गेली. आईनं पोलिसांत तक्रार दिली, परत आली, कोयता धुतला आणि त्यानंच गिऱ्हाइकाची सुरमई कापली. मी मात्र ऑफिसातून दिवसभर तिला फोन करत होते.

परवान्यासाठी धावपळ केली भगवानकाकांनी. हे आईचे धाकटे दीर. बाबा गेल्यापासून आमच्या घराकडे न फिरकलेला हा माणूस अचानक पोलीस आयुक्तालयाच्या चकरा मारायला लागला, तेव्हा मला भाबडीला त्यांचं कौतुक वाटलं. हत्यारांच्या दुकानाकडे जाताना त्यांनी गाडीतच पोटातलं ओठावर आणलं. त्यांचा मुलगा प्रितेश, त्याची हळद आठवड्यावर आली होती. काकांनी मागे कुणाच्या तरी हळदीत हवेत बार काढला म्हणून त्यांचा स्वतःचा परवाना कधीच रद्द झाला होता. आता कागद वहिनीच्या नावाचा आणि हत्यार दिराच्या कमरेला, असा त्यांचा सरळ हिशेब. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आई खिडकीबाहेर बघत राहिली. दुकान आलं तशी आधी तीच उतरली.

दुकानाचे मालक गुरुदत्त शेठ, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी काचेवर मखमल पसरली. काकांनी लगेच लांब नळीची, चकाकत्या मुठीची एक उचलली आणि स्वतःच्या पट्ट्यात खोचून आरशात पाहिलं. हीच घ्यायची, असं त्यांनी शेठना सांगूनही टाकलं. शेठनी आईकडे पाहिलं, मग बायका बहुतेक पर्समध्ये ठेवतात म्हणून हलकी दाखवू का, असं विचारलं. आईनं विचारलं, मासळी बाजारात पर्स घेऊन कोण बसतं? आणि बसलंच, तर चोर आधी काय उचलतो?

आई नऊवारी नेसते, कोळणीचं घट्ट लुगडं. तिच्या सगळ्या मौल्यवान वस्तू कनवटीला, कमरेशी खोचलेल्या लुगड्याच्या गाठीत. दिवसाचा गल्ला तिथे, पानाची चंची तिथे, घराची किल्ली तिथे. ती गाठ फक्त तिची. बाबासुद्धा पैसे हवे असले की हात पुढे करून उभे राहायचे, तिच्या कनवटीला कधी हात लावायचे नाहीत. आमच्यात कोणताच पुरुष लावत नाही.

तर आईनं काकांच्या पट्ट्यातली ती लांबलचक वस्तू मागून घेतली, कनवटीला खोचली आणि शेठच्या गुळगुळीत फरशीवर उकिडवी बसली, बाजारात कोयत्यापुढे बसते तशी. शेठ खुर्चीतून उठलेच. नळी मांडीत रुतली. आई उठली आणि ती परत देऊन टाकली. दुसऱ्या एकीचा मागचा घोडा उपसताना लुगड्याच्या काठात अडकला, तीही परत गेली. मग तिनं पाणी मागितलं. काकांना वाटलं तहान लागली. तिनं पेल्यात दोन्ही हात बुडवले आणि ओल्या हातांनी एकेक मूठ धरून पाहिली, कारण तिचे हात दिवसभर ओलेच असतात. चकाकत्या मुठी सटकल्या. शेवटी उरली एक बुटकी, काळी, रबरी मुठीची रिव्हॉल्व्हर. बत्तीस बोअरची, घोडा आत झाकलेला. ती घेऊन आई पुन्हा खाली बसली, उठली, वाकली, काल्पनिक टोपली डोक्यावर घेतली. बाहेरून काहीच दिसेना.

"हीच," ती म्हणाली.

काका भडकले. हे खेळणं मांडवात कुणाला दिसणार, असं ते म्हणत राहिले. तेव्हा गुरुदत्त शेठनी हळूच सांगितलं, की परवाना ज्याचा, हत्यार त्यानंच बाळगायचं. दुसऱ्यानं एक बार काढला तरी परवाना जाईल आणि वहिनींवर गुन्हा दाखल होईल. माझ्या डोळ्यांपुढे चित्र लख्ख उभं राहिलं. गुन्हा झाला की टँकरवाल्याचा वकील म्हणणार, ही बाईच गुंड, हिच्या साक्षीवर काय विश्वास ठेवायचा. खटला तिथेच बुडणार. मी काकांना हे दोनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

हळदीच्या संध्याकाळी सगळी वाडी लोटली. डीजे छातीत धडधडत होता. आई पिवळीधमक होऊन बायकांत नाचत होती. मिथुनही आला होता, आमच्याच वाडीतला, टँकरवाल्याकडे कामाला. जेवायचं सोडून तो मोबाइल वर धरून उभा होता. आईच्या रिव्हॉल्व्हरमधून बार निघायची तो वाट बघतोय, हे मला कळलं. मी आईपर्यंत पोचणार इतक्यात काकांनी डीजे बंद करायला लावला आणि माइक हातात घेतला.

"वयनी, प्रितेशच्या नावानं एक बार होऊन जाऊ दे. द्या इकडं."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. आई नाचायची थांबली. तिनं घाम पुसला आणि मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"माज्या कनवटीला हाय, भावजी," ती म्हणाली. "घाला हात नि काढून घ्या."

शिट्ट्या बंद झाल्या. काकांचा हात पुढे आला होता, तो तसाच हवेत राहिला. अख्ख्या गावासमोर, मुलाच्या मांडवात, वहिनीच्या कमरेला कोणता दीर हात घालणार? त्यांनी तो हात परत नेऊन आपल्याच सदऱ्याची बटणं चाचपली. मला त्या क्षणी हसू आलं, आणि आईचा इतका अभिमान वाटला की रडूही आलं.

आई मात्र संपली नव्हती. ती मिथुनच्या मोबाइलकडे वळली.

"मिथुन, नीट घे रं. सोमवारी मी कोर्टात जानार हाय. तुज्या शेटला दाखव. माजा आवाज येतो ना?"

मिथुननं मोबाइल खाली केला. आईनं डीजेवाल्याला खूण केली आणि पुन्हा नाचायला लागली.

कोर्टात हत्यार नेता येत नाही. म्हणून रविवारीच आम्ही रिव्हॉल्व्हर गुरुदत्त शेठकडे ठेवायला दिली. सोमवारी सकाळी आई हिरवं लुगडं नेसून निघाली तेव्हा मी तिला माझी भीती स्पष्ट सांगितली, की आज तर तू रिकामीच जातेस. तिनं चंची कनवटीला खोचली आणि मला पुढे हो म्हणाली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तीच दोन पोरं उभी होती, बाजारातली. आई थांबली नाही. तिनं एक हात कमरेच्या फुगीर गाठीवर ठेवला आणि त्यांच्याकडे बघत एकेक पायरी चढली. मांडवातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असणारच. एक पोरगा मागे सरकला, मग दुसराही. दारातल्या महिला पोलिसानं गाठीत काय आहे ते विचारलं. आईनं चंची काढून दाखवली आणि पान खाणार का म्हणून विचारलं.

आत टँकरवाल्याचा वकील उभा राहिला. बाई घाबरलेली असेल असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. त्यानं गोड आवाजात विचारलं, तुम्ही तो टँकर नीट पाहिला होता का? अंधार होता, चूक होऊ शकते.

आईनं दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

"पायला नाय, साहेब," ती म्हणाली. "मी अडवला."