छातीतल्या धडधडीचं गाऱ्हाणं

तोंडवलीच्या दत्तारामला हृदयविकार नव्हता. कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी तसं स्वच्छ सांगितलं होतं, कुडाळच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, आणि दोन ईसीजी कपाटात घड्या घालून ठेवलेले होते. पटत नव्हतं ते एकट्या दत्तारामला.

झालं होतं ते इतकंच. शिमग्याच्या आधी कुडाळच्या बाजारातून येताना एसटी सुटायला लागली म्हणून हा गडी तांदळाची पिशवी घेऊन भर उन्हात धावला. चोपन्नाव्या वर्षी असं धावल्यावर छाती धडधडणार नाही तर काय करेल? पण आदल्याच आठवड्यात त्याचा शाळेतला सोबती बसल्या जागी गेला होता. सीटवर टेकल्या टेकल्या दत्तारामच्या मनात आलं, आता माझा नंबर. झालं! त्या विचारासरशी छाती दुप्पट उडायला लागली. छाती उडते म्हणून घाम फुटला, घाम फुटला म्हणून खात्री पटली, आणि खात्री पटली तशी बोटं बधिर झाली. मालवणात उतरेपर्यंत त्यानं मनातल्या मनात स्वतःचं बारावंसुद्धा उरकलं होतं.

तेव्हापासून तो एसटीत चढला नाही. मग बाजार सुटला, मग भजन सुटलं. आणि ज्या माणसानं तीस वर्षं समुद्रात होडी घातली, तो होडीत पाय ठेवेना. तिथं मध्येच काही झालं तर? त्यानं रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि दिवसातून दहा वेळा दंडाला पट्टा बांधायला लागला. आकडा जास्त येईल या भीतीनं आकडा जास्त यायचा, आणि जास्त आला म्हणून पुढचा त्याहून जास्त. यंत्रातले सेल संपले तेव्हा त्याची बायको विनीता हिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि नवे आणायचं मुद्दाम विसरली.

विनीतानं त्याला समजावून पाहिलं होतं. शेजारच्या दोन कुत्र्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, "ह्यो भुकता म्हणान तो भुकता, तो भुकता म्हणान ह्यो भुकता. चोर खंय आसा? तुमच्या डोक्याचा आणि छातीचा तसाच झाला हा." दत्तारामला ते पटलं, तो हसलाही. पण पटून धडधड थांबते होय!

अशात त्याच्या मुलीची होडी तयार झाली. प्राजक्ता म्हणजे दत्तारामचा जीव. पर्यटकांना समुद्रात फिरवायचा परवाना तिनं स्वतःच्या नावावर काढला होता, इंजिनाचं सगळं काम बापाच्या जुन्या दोस्ताकडून, लिनो मेकॅनिककडून, हाताला ग्रीस लावून शिकून घेतलं होतं. आता नवी होडी पाण्यात ढकलायची तर आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं. घरच्या कर्त्यानं उभं राहून देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, आणि जमलेल्या माणसांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. घरचा कर्ता म्हणजे दत्ताराम. चाळीस माणसांसमोर, भर किनाऱ्यावर, एकटा उभा.

त्यानं काय करावं? गपचूप आपल्या म्हाताऱ्या काकाला, गंगारामला, गाठलं आणि ठरवून टाकलं की त्या दिवशी मला ताप येणार आहे, तेव्हा गाऱ्हाणं तुम्ही घाला. गंगारामकाकाच्या पोटात कधी काही राहिलंय? संध्याकाळपर्यंत ते प्राजक्ताच्या कानावर गेलं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं, असं दत्तारामला वाटलं. ती समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, ही होडी तुमच्या गाराण्याबिगर पाण्यात जावची नाय. हंगाम गेलो तरी चलात, वाळूत ऱ्हवांदे." आणि ही पोरगी बोलली की बोलली, हे बापाला पक्कं ठाऊक. आपल्या भीतीपायी हिची होडी वाळूत उन्हानं तडकणार, या विचारानं त्याला रडूच आलं.

ठरल्या दिवशी सकाळी सगळी वाडी जमली. होडीला झेंडूच्या माळा, इंजिनाला हळदकुंकू. विनीतानं शिरा केला होता, लिनोची बायको मारियान केक घेऊन आली होती, आणि गंगारामकाका पूजेआधीच दोन्ही चाखून बसले होते. दत्ताराम नारळासमोर हात जोडून उभा राहिला. माणसं गप्प झाली आणि त्याची छाती सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

आणि पुढचं काही आठवेना. लहानपणापासून ऐकलेलं गाऱ्हाणं, शब्द न् शब्द पाठ असलेलं, साफ पुसलं गेलं. डोक्यात एकच, आता पडणार. पळावं म्हटलं तर पुढे होडी, मागे माणसं. मग जे एकच ठाऊक होतं, ते त्याच्या तोंडून गाऱ्हाण्याच्याच सुरात बाहेर पडलं.

"माजी छाती धडधडता हा म्हाराजा..."

क्षणभर कुणाला कळेना. पण लिनो तीस वर्षं प्रत्येक होडीच्या गाऱ्हाण्याला उभा राहिलेला, सवयीनं खणखणीत ओरडला, "व्हय म्हाराजा!" त्याच्या मागून सगळी वाडी ओरडली.

दत्ताराम चमकला. आठ महिने जे घरच्यांशिवाय वाडीत कुणाला कळू दिलं नव्हतं, त्याला चाळीस माणसांनी 'हो' म्हटलं होतं. कुणी धावत आलं नव्हतं, कुणी पाणी मारलं नव्हतं.

"माका घाम फुटलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"हात थरथरतत, घसो सुकलो हा, आणि माका वाटता, मी आता पडतलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि हसता हसता विनीताचे डोळे वाहत होते.

तो पडला नाही. पडायची वाट बघत उभा राहिला, तरी पडला नाही. छाती आपली उडत होती, तिला उडू दे म्हटलं, तर तिचाही जोर हळूहळू ओसरायला लागला. त्याला एकदम त्या दोन कुत्र्यांची आठवण झाली आणि खदखदून हसू आलं. त्या हसण्यातच गाऱ्हाण्याचे शब्द परत आले. मग त्यानं असा आवाज लावला की गंगारामकाका शिऱ्याची वाटी खाली ठेवून सरसावून बसले.

"आज ह्या माज्या चेडवाची होडी पाण्यात जाता हा, तिची राखण कर. बाईच्या हातात इंजिन बघून कोणाच्या पोटात दुखत असात, तर तेचा पोट बरा कर. आणि माजी भीती आसा थंय आसांदे, पण माजा चेडू पयल्या खेपेक एकटा जावक नको. मी वांगडा जातलंय म्हाराजा!"

मी सोबत जाणार, हे ऐकून 'व्हय म्हाराजा' असं काही उठलं की किनाऱ्यावरचे कावळे उडाले. नारळ फुटला. माणसांनी खांदे लावले आणि होडी सरसर पाण्यात गेली. दत्ताराम गुडघाभर पाण्यात शिरला, काठावर हात टेकले, आणि आठ महिन्यांनी होडीत चढला. चढताना लिनोनं मागून ढुंगणाला हात लावून ढकललं, ते सोडा.

प्राजक्ता इंजिनापाशी बसली होती. दोरी हातात धरून तिनं बापाकडे निरखून पाहिलं.

"छाती?" तिनं विचारलं.

दत्तारामनं हात लावून पाहिला. खोटं कशाला बोलायचं?

"धडधडता हा."

"व्हय म्हाराजा," प्राजक्ता म्हणाली, आणि तिनं इंजिनाची दोरी ओढली.