कामाचा हात

"मूठ आवळा, आजी."

बायजाबाईंनी मूठ आवळली. ताराचंदने दंडावर रबरी पट्टा बांधला आणि बोटाने शीर शोधू लागला. खरं तर शोधायचं काहीच नव्हतं. डाव्या कोपराच्या आत, तिळाच्या जरा खाली ती शीर होती आणि त्याला ती डोळे मिटूनही सापडली असती. तरी तो चाचपत राहिला. इतका वेळ तो दुसऱ्या कुठल्या पेशंटचा हात धरून बसत नसे.

"दुखन काय बा?" बायजाबाईंनी विचारलं.

"मुंगी चावल्यावानी लागन. लगेच होते."

दाराशी उभे असलेले चंपतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "आटपा लवकर, लॅबवाले. मले ड्यूटीवर जायचं आहे."

चंपतराव म्हणजे ताराचंदचे सख्खे थोरले भाऊ. आणि तो जिला आजी आजी करत होता, ती त्याची आई. हे त्या खोलीतल्या तिघांनाही चांगलं ठाऊक होतं, आणि तिघांनीही ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे बसून ठरवलं नव्हतं. तसं घडत गेलं होतं.

हे घर 'सरळ मार्गा'चं. पारडीच्या त्या गल्लीत ज्या घरांच्या चौकटीवर पांढरी पट्टी ओढलेली, ती सगळी मार्गाची. मार्गात दुसरा देव नाही, दारू नाही, बाजारचं खाणं नाही, बाहेरच्याच्या हातचं पाणी नाही. बाहेरच्याच्या लग्नाला जायचं नाही आणि मरणालाही नाही. मार्गाने या घराचं भलं केलं, हे ताराचंद आजही नाकारत नसे. त्याचा बाप नालीत पडलेला असायचा, तो माणसात आला मार्गामुळे. आईच्या अंगावरचे वळ गेले, ते मार्गामुळे. एवढं ज्याने दिलं त्याला नाही म्हणताना माणसाची जीभ जड होणारच.

पण धोंडबा मेला. धोंडबा लॅबमधला जुना माणूस, मार्गाबाहेरचा; त्यानेच ताराचंदच्या हातात पहिली सुई दिली होती. ताराचंद त्याच्या मयतीला गेला, खांदा दिला आणि संध्याकाळी मार्गाच्या गुरुवारच्या बैठकीत येऊन बसला. कोणीतरी आधीच सांगितलं होतं. बैठक चालवणारे गुरुभाऊ रागावले नाहीत, उलट फार प्रेमाने म्हणाले, "उभा राह्य, कान पकड, आन चुकलो म्हन. झालं." ताराचंद उभा राहिला. कानही पकडले. सगळी बैठक वाट बघत होती, आई बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसली होती, आणि तो शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. शेवटी त्याने कान सोडले आणि चपला घातल्या.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. मार्गाच्या भाषेत तो 'सुटलेला'. सुटलेल्याला ज्या घराने दारात घेतलं, ते घरही सुटलं. मग त्या घराशी कोणी रोटी करत नाही, बेटी तर नाहीच.

फक्त एक फट होती. कुठल्याशा जुन्या गुरुभाऊंनी सांगून ठेवलं होतं की कामाचा हात कोणाचाच नसतो. त्याशिवाय चालणार कसं? डॉक्टर येतो, सिलिंडरवाला येतो, मीटर बघणारा येतो, कोणाकोणाला चौकटीबाहेर ठेवणार! दोन वर्षांपूर्वी आईला साखर निघाली. चंपतरावांनी लॅबला फोन केला, आणि पारडीचा भाग नेमका ताराचंदकडे होता. बेल वाजवून तो उभा राहिला. दार उघडलं. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. चंपतरावांना दार लावून घेता आलं असतं. ते म्हणाले, "लॅबवाले काय? या."

ही भावाची माया होती की भित्रेपणा, याचा निकाल ताराचंदने अजून लावला नव्हता. तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती. दर महिन्याला तो येई, रक्त घेई, जाई. त्या घरात त्याला कोणी पाणी विचारत नसे. स्वतःची बाटली तो गाडीला लटकवून आणी.

रक्त नळीत भरलं. त्याने कापूस दाबला आणि खाली बघितलं तर आईच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"हे काय झालं?"

आईने पाय लुगड्यात ओढून घेतला. "चप्पल लागली."

"कवा?"

"झाले दिवस," चंपतरावांनीच उत्तर दिलं. "बरं होऊन नाही राहिलं. डॉक्टर म्हनते शुगर उतरल्याबिगर नाही भरत. आन हिची शुगर उतरतच नाही. भाकर खाते, कारलं पिते, तरी हर महिन्याले जास्तच." मग आवाज खाली आणून ते कॅलेंडरला म्हणाले, "मेमध्ये अपेक्षाचं लग्न आहे. काटोलचे लोक हायेत, मार्गातलेच. तवा आमच्या घरी काही गडबड नको."

ताराचंदने मान डोलावली. अपेक्षा ही चंपतरावांची मुलगी. त्याने तिला खांद्यावर बसवून अंबाझरीच्या तलावावर फिरवलं होतं. आता ती आतल्या खोलीच्या पडद्याआड उभी होती. त्याला फक्त तिची पावलं दिसत होती.

गाडीला किक मारणार तोच शेजारच्या फाटकातून हाक आली. पंचफुलाबाई. ही मार्गाची नव्हे. कपाळाला भलंमोठं कुंकू लावून, मनाला येईल त्या देवाला जाऊन येणारी म्हातारी.

"ताराचंद, थांब गा. एक गोष्ट सांगाची आहे. कोनाले सांगू नको म्हनली तुही माय, पन आता मले भेव लागून राहिलं. तिचा अंगठा पाह्यला?"

"पाह्यला."

"मी तिले संतरा बर्फी आनून देते. हर महिन्याले, तू येनार त्याच्या आधी. लपवून. रात्री खाते ती."

ताराचंदला आधी हसूच आलं. मार्गाची बाई, जिने सख्ख्या बहिणीच्या घरचा चहा कधी घेतला नाही, ती हलवायाच्या दुकानातली बर्फी खाते!

"काहून पन?"

"मीबी तेच इचारलं. तं म्हने, डॉक्टर सांगून राहिला का शुगर उतरली तं हर महिन्याले रगत तपासाची गरज नाही. सहा महिन्यानं करा." पंचफुलाबाईने पदराने तोंड पुसलं. "समजलं काय तुले?"

त्याला समजलं होतं. पुढच्या तीन घरी तो गेला, तिन्ही ठिकाणी त्याला शीर एका टोच्यात मिळाली नाही.

घरी त्याने कामिनीला सांगितलं. कामिनी त्याची बायको. नवऱ्याबरोबर तीही सुटली होती आणि तिचं खापा गावातलं माहेर, तेही मार्गाचंच, तेव्हापासून तुटलं होतं. तिने निवडायची भाजी बाजूला सारली.

"एक शब्द तं आहे, जी," ती म्हणाली. "म्हनून टाका चुकलो. मायपेक्षा मोठा आहे काय?"

"धोंडबाले खांदा देला त्यात काय चुकलो मी?"

"मले नका इचारू. मी कुठं म्हनते चुकले."

"मंग?"

"मी थकली," कामिनी म्हणाली. "तुमीबी थकले. झोप येत नाही, गोया खाता. गुरुवार आला का सांजच्याला घरात येरझारा घालता. सुटून तरी काय सुटलं आपलं?"

तिचं खोटं नव्हतं. बैठकीची वेळ झाली की ताराचंदच्या छातीत धडधडायला लागे. जेवायला बसलं की उजव्या हाताची दोन बोटं आपोआप कपाळाकडे निघत, कारण मार्गात घास घेण्याआधी कपाळाला बोटं लावायची असतात. मग तो ती बोटं मध्येच अडवून पोळीकडे वळवी. रोज, दोन्ही वेळा. सरकारी मेडिकल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिंता करू नका म्हणून सांगितलं. चिंता न करण्याची गोळी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला गेल्यावर त्याने नळ मोठा सोडला आणि म्हणून बघितलं, "चुकलो." शब्द आला. सहज आला. पण लगेच धोंडबाचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला, तिरडीवरचा, नाकात कापूस घातलेला, आणि ताराचंदला स्वतःची अशी शिसारी आली की त्याने नळ बंद करून ओल्या अंगाने कपडे चढवले.

एप्रिलच्या उन्हात तो पुन्हा पारडीला गेला. डोक्याला दुपट्टा, हातात पेटी. "या, लॅबवाले," चंपतराव म्हणाले आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काटोलहून होता, मांडवाचं काहीतरी. ते बोलत बोलत अंगणात गेले.

खोलीत मायलेक दोघंच उरले. कुलर घरघरत होता. दहा-अकरा वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. आईने हात पुढे केला. अंगठ्याची चिंधी आता बोटाइतकी जाड झाली होती.

"बर्फी काहून खाता?" त्याने पट्टा बांधत हळूच विचारलं.

आई दचकली नाही. पंचफुलाच्या पोटात काही राहत नाही, हे तिला माहीत असणार.

"मंग तू येशीन कायले?" ती म्हणाली.

ती त्याला तू म्हणाली होती. ताराचंदला पुढचं काही दिसेना. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी असताना सुई टोचायची नसते, हे धोंडबाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तो थांबला. अंगणातून चंपतरावांचं बोलणं ऐकू येत होतं. येत राहीन म्हणाला तर ती खात राहणार. खाऊ नको म्हणाला तरी खाणारच, कारण येणारा तोच. पाय जाईल तिचा. उद्यापासून मुलगा म्हणून येतो असं म्हणावं, तर हे घरही सुटेल आणि पडद्याआडची ती पोर मांडवातून परत येईल. त्याने सगळीकडून बघितलं. वाट एकच होती आणि ती त्याने गेला महिनाभर रात्री जागून बघून ठेवली होती.

"पुढच्या डाव मी नाही येत," तो म्हणाला. "माहा भाग बदलला. बुटीबोरीले जायचं आहे मले, कंपनीच्या कामगारायचं रक्त घ्याले. इकडं दुसरी पोरगी येईन. आता मी कवाच नाही येत इकडं."

"कवाच नाही?"

"नाही. तवा शुगर वाढवून काही फायदा नाही."

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. खोटं बोलतोय हे लहानपणी तिला त्याच्या कानांवरून कळायचं. आता कळलं की नाही कोण जाणे. तिने मूठ आवळली, नेहमीपेक्षा घट्ट. ताराचंदने सुई टोचली. रक्त नळीत उतरायला लागलं तेव्हा तिने दुसरा हात उचलला, त्याच्या डोक्यापर्यंत आणला आणि अंगणातली पावलं ऐकून परत मांडीवर ठेवला.

"झालं काय?" चंपतराव आत येत म्हणाले.

"झालं. कापूस दाबून ठेवा, आजी."

त्याच दुपारी त्याने मॅनेजरसमोर उभं राहून बुटीबोरी मागून घेतली. तिकडे जायला कोणी तयार नसायचं. मॅनेजरने आनंदाने दिली.

बुटीबोरीला कामगार रांगेने बाह्या वर करून उभे राहत. ताराचंद एकामागून एक हात घेई. कोणाची शीर कुठे, कोणाला दुखलं, काही लक्षात राहत नसे. गोळ्या चालूच होत्या. झोप पहिल्यासारखीच तुटक येई, पण गुरुवारची धडधड जरा कमी झाली होती. तिच्यापेक्षा मोठी धडधड आता आईच्या तपासणीची तारीख जवळ येण्याची होती.

मे लागला. एका दुपारी तो लॅबमध्ये नळ्या जमा करायला आला, तर प्रीती त्याची वाट बघत बसली होती. पारडीचा भाग आता तिच्याकडे होता.

"काका, तुमच्या एरियातल्या एक आजी आहेत ना, बायजाबाई? आज गेली होती त्यांच्याकडे. एकदम नॉर्मल आली हो शुगर. त्यांचा मुलगा किती खूश झाला फोनवर. आता सहा महिन्यांनी बोलावतो म्हणाला."

"आन पाय? पायाले काही बांधलं होतं?"

"नाही. अंगठ्यावर नुसती खपली होती, सुकलेली." प्रीतीने बॅगेतून एक पुठ्ठ्याचा डबा काढला, दोरा बांधलेला. "हे दिलं त्यांनी. घरात लग्न आहे म्हणाल्या, लॅबच्या लोकांसाठी. आणि काका, मला काय म्हणाल्या माहिती आहे? पहिलेच्या पोराचा हात हलका होता, तुह्या हातानं दुखते."

प्रीती हसली आणि नळ्या घेऊन आत गेली.

ताराचंद जिन्याखालच्या बाकावर बसला. दोरा सोडला. संत्रा बर्फी होती. वरच्या थरातले दोन-तीन तुकडे गेलेले, बाकी तशीच, कडेने वाळून पांढरी पडलेली. ही लग्नाची नव्हती. उशाशी महिनाभर पडून राहिलेली होती.

त्याने हातमोजे काढले. नळावर जाऊन हात धुतले, रुमालाला पुसले आणि एक तुकडा उचलला. दोन बोटं कपाळाकडे निघाली. या वेळी त्याने ती अडवली नाहीत. बोटं कपाळाला लागली, खाली आली, आणि मग त्याने तुकडा तोंडात घातला. बर्फी दगडासारखी कडक झाली होती. मऊ पडेपर्यंत ती तशीच तोंडात धरून तो बसून राहिला.